रा. सू. गवई : एक संसदीय वाटचाल
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत ठाकुर्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पुष्पासाठी कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो ‘आपल्या चळवळीतील एक राजकीय कारकीर्द’ असा. कोणाची, हे आमच्यावर सोपविले होते. आम्ही रामकृष्ण सूर्यभान गवई यांचे नाव कळविले, तेव्हा दोन-तीन ज्येष्ठ सभासदांनी तोंडावरच नापसंती दाखविली. ‘आयुष्यभर काँग्रेसच्या वळचणीला राहिलेल्या माणसावर तासभर काय बोलणार?’ असे त्यांचे म्हणणे. उलट अभ्यासिकेतल्या मुलांना विचारले, तर त्यांना गवई म्हणजे फक्त माजी सरन्यायाधीश भूषण गवई ठाऊक. त्यांचे वडील राजकारणात होते एवढेच त्यांच्या कानावर आलेले. एका पिढीच्या मनात राग आहे आणि दुसरीकडे माहितीच नाही. म्हणूनच हा विषय घ्यावा असे आम्हाला वाटले.

सुरुवातीलाच आमचे म्हणणे सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. गवईसाहेब एकेक पायरी वर चढत गेले. आमदार, उपसभापती, सभापती, विरोधी पक्षनेते, खासदार, राज्यपाल. आणि नेमक्या त्याच काळात, ज्या पक्षाच्या नावाने ते चढले तो रिपब्लिकन पक्ष खाली खाली येत गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, हा आजचा प्रश्न. आम्ही बँकेत काम करणारे. जमेची बाजू पाहिली की नावेची बाजू पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही, हा सवयीचा दोष समजावा.

प्रथम थोडी ओळख. गवईसाहेबांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा, अमरावती जिल्ह्यातील दारापूर या खेड्यातला. लोक त्यांना ‘दादासाहेब’ म्हणत. त्यामुळे नव्या मुलांचा घोटाळा होतो. आपल्या चळवळीत मोठे दादासाहेब म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णराव गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी. गवई हे त्यांच्या पठडीतले, वयाने सत्तावीस वर्षांनी लहान. आजच्या भाषणात गायकवाडांना आम्ही ‘कर्मवीर’ म्हणू आणि गवईंना गवईसाहेब.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा बाबासाहेबांना जाऊन वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच सालच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कर्मवीर नाशिकमधून लोकसभेवर गेले होते. पक्षाला अंगात बळ होते. ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. कसणाऱ्याला पडीक सरकारी जमीन मिळावी, एवढी साधी मागणी. तुरुंगात जाणारे बहुतेक शेतमजूर होते. आपल्या ठाकुर्लीतही रेल्वेच्या आणि पॉवर हाऊसच्या नोकरीसाठी खानदेश-विदर्भातून आलेल्या घरांत त्या सत्याग्रहाच्या आठवणी म्हातारी माणसे सांगत असत. आता ती माणसे राहिली नाहीत.

आणि त्याच १९६४ साली गवईसाहेब महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले. एकीकडे पक्षाचे लोक रस्त्यावर, दुसरीकडे पक्षाचा एक तरुण वरिष्ठ सभागृहात. त्या वेळी या दोन गोष्टी एकमेकींना पूरक होत्या, हे लक्षात ठेवावे. १९६४ ते १९९४ अशी सलग तीस वर्षे ते परिषदेत होते.

आता विधान परिषद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याविषयी आपल्याकडे फार अज्ञान आहे. परिषदेत ७८ सदस्य. त्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. मुदत सहा वर्षे. सभागृह कधीच बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आपण कल्याण-डोंबिवलीत ज्या नगरसेवकाला मत देतो तो पुढे परिषदेच्या ठाणे मतदारसंघात मतदार असतो. आणि आपल्यातला जो पदवीधर आहे त्याला कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात स्वतः मत देता येते. फक्त त्यासाठी पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि नमुना १८ भरून नाव नोंदवावे लागते. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते, जुने नाव आपोआप पुढे जात नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्मे तरी पदवीधर असतील. २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्यापैकी किती जणांचे नाव यादीत होते, हे ज्याने त्याने मनाशी आठवावे. आम्ही हात वर करायला सांगत नाही!

तर मुद्दा असा की परिषदेत जाण्याचा यातला कोणताही मार्ग धरला तरी रिपब्लिकन पक्षाला स्वतःच्या मतांवर भागण्यासारखे नव्हते. १९६७ च्या विधानसभेत पक्षाचे आमदार पाच. १९७२ साली दोन. २७० च्या सभागृहात पाच आमदारांच्या बळावर परिषदेची एक जागासुद्धा निघत नाही. म्हणजे तीस वर्षे त्या सभागृहात टिकायचे तर दुसऱ्या पक्षांचा विश्वास आणि दुसऱ्या पक्षांची मते लागणार, हे उघड आहे. गवईसाहेबांनी तो विश्वास मिळविला. कसा मिळविला याकडे टीकाकार फारसे पाहत नाहीत.

१९६८ साली ते परिषदेचे उपसभापती झाले. वय अडतीस-एकोणचाळीस. सभापती होते वि. स. पागे, रोजगार हमी योजनेचे जनक. दहा वर्षे गवईसाहेब पागे यांच्या हाताखाली ते आसन सांभाळत होते. त्या आसनावर बसणाऱ्याला काय लागते? तर नियमांचे पुस्तक पाठ लागते. तारांकित प्रश्न कोणता स्वीकारायचा, लक्षवेधी सूचना कधी घ्यायची, औचित्याचा मुद्दा खरोखर औचित्याचा आहे की नुसता वेळ काढण्याचा, हक्कभंगाची सूचना दाखल होते की नाही, कोणाचा शब्द कामकाजातून काढून टाकायचा, याचा निर्णय क्षणात द्यावा लागतो आणि तो दोन्ही बाकांनी मानावा लागतो. सरकार पक्षाचे मंत्रीही ‘सभापती महाराज’ म्हणून उभे राहतात आणि बसा म्हटले की बसतात. ज्या समाजाच्या माणसाला गावात चावडीवर चढू दिले जात नव्हते, त्या समाजातला खेड्यातून आलेला माणूस दहा वर्षे उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती म्हणून हे काम करीत होता. आमच्या मते ही साधी गोष्ट नव्हे. मोर्च्यात घोषणा देणे आपल्याला येते. सभागृहाचे नियम आपल्यातल्या किती जणांना येतात?

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. सभापतीचे आसन माणसाला मान देते, पण त्याची जीभ काढून घेते. त्याला वादात भाग घेता येत नाही, मतही फक्त समसमान मते पडली तरच देता येते. याचे उदाहरण १९७८ चेच आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्या वर्षी परिषदेच्या सभापतिपदावर गवईसाहेब होते. ठरावानंतर मराठवाड्यात जी आग लागली, जी घरे जळाली, जी माणसे मारली गेली, त्याचा इतिहास आपल्याला माहीत आहे. ठराव झाला आणि अंमल झाला नाही. लाँग मार्च निघाला, माणसे तुरुंगात गेली, काहींनी प्राण दिले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून. ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली आणि त्यांतील पहिली चार वर्षे आपला माणूस परिषदेच्या सर्वोच्च आसनावर होता. आसनाच्या मर्यादा कोठे सुरू होतात हे याहून स्पष्ट कसे दिसणार? काही जण म्हणतात, त्यांनी राजीनामा देऊन रस्त्यावर यायला हवे होते. आम्हाला वाटते, तसे केले असते तर दंगल थांबली नसती. पण लोकांच्या मनात त्यांची जागा वेगळी झाली असती, हेही खरे.

सभापतिपदानंतर जीभ मोकळी झाली. १९८६ ते १९८८ या काळात ते परिषदेत विरोधी पक्षनेते होते. ‘काँग्रेसच्या वळचणीला’ म्हणणाऱ्यांनी हे साल टिपून घ्यावे. राज्यात सरकार काँग्रेसचे आणि त्या सरकारच्या समोरच्या बाकावर पहिले नाव गवई यांचे.

आता नावेची बाजू, आणि येथे आम्हाला हात आखडता घ्यायचा नाही. १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, तेही रिपब्लिकन पक्षाचेच, विदर्भातलेच. म्हणजे दिल्लीत वरिष्ठ सभागृहाच्या आसनावर आपला माणूस, मुंबईत वरिष्ठ सभागृहाच्या आसनावर आपला माणूस, एकाच वेळी. असा योग पुन्हा आला नाही. आणि हे दोघे कोण? एकाच पक्षाच्या दोन गटांचे नेते. एक खोब्रागडे गट, एक गवई गट. कर्मवीर २९ डिसेंबर १९७१ ला गेले, त्यानंतर जोडणारा कोणी उरला नाही. १९७२ च्या विधानसभेत पक्षाचे आमदार दोन. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ती जितकी गावोगावच्या अत्याचारांविरुद्ध होती तितकीच या गटबाजीच्या विटाळातून आलेली होती. त्या तरुणांना दोन उपसभापतींचे कौतुक नव्हते. त्यांना विचारायचे होते की गावात आमच्यावर हात पडतो तेव्हा तुम्ही कोठे असता?

हा प्रश्न रास्त होता. आमच्या समजुतीने उत्तर असे आहे की मागच्या दाराने सभागृहात जाण्याची सोय झाली की पुढच्या दाराची बांधणी मागे पडते. आमदारकीसाठी तालुक्यातालुक्यांत शाखा लागते, वर्गणी लागते, इतर जातींच्या माणसांशी रोजचे संबंध लागतात. परिषदेच्या जागेसाठी मुंबईत एक वाटाघाट पुरते. वाटाघाट करणारा एक असला तर पक्ष राहतो, चार असले तर चार गट होतात, कारण प्रत्येकाला स्वतंत्रपणे वाटाघाट करता येते. समोरच्या मोठ्या पक्षालाही तेच सोयीचे. गवईसाहेबांनी ही रीत निर्माण केली असे आम्ही म्हणत नाही. काँग्रेसशी समझोता १९६७ साली कर्मवीरांनीच केला होता. पण त्या समझोत्यातून मिळालेली जागा पक्ष वाढविण्यासाठी वापरायची की पक्षाऐवजी वापरायची, हा फरक पुढच्या पिढीने ठेवला नाही. त्यात गवईसाहेबही आले.

हे अनुमान हवेतले नाही याचा पुरावा १९९८ ने दिला. १९९५ च्या अखेरीस तरुणांच्या रेट्यामुळे गट एकत्र आले होते. १९९८ च्या लोकसभेला काँग्रेसशी एकत्रित समझोता झाला आणि रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण! राखीव एकही नव्हती. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला ३३, आपल्याला ४, शिवसेनेला ६, भाजपला ४ आणि शेतकरी कामगार पक्षाला १. गवईसाहेबांनी अमरावतीत शिवसेनेचे अनंत गुढे यांचा पराभव केला. तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट होते. चौतीस वर्षांपूर्वी परिषदेत गेलेला माणूस आता स्वतःच्या जिल्ह्याच्या सर्व जातींच्या मतदारांसमोर जाऊन निवडून आला होता. त्या रात्री आमच्या चाळीत, आणि आम्हाला वाटते आपल्या सर्वांच्याच वस्त्यांत, काय वातावरण होते ते येथील ज्येष्ठांना आठवत असेल.

ते तेरा महिनेच टिकले. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि लोकसभा विसर्जित झाली. २७० विरुद्ध २६९ या आकड्यात आपली चार मते होती, एवढे वजन होते त्यांचे. पण निवडणूक येईपर्यंत ऐक्य पुन्हा फुटले होते. त्या सालच्या निवडणुकीत गवईसाहेब अमरावतीत गुढे यांच्याकडून हरले, कवाडेही हरले. पुढे मतदारसंघांची फेररचना होऊन २००९ पासून अमरावती अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. जे खुले असताना जिंकले, ते राखीव झाल्यावर त्यांचे चिरंजीव डॉ. राजेंद्र गवई यांना जिंकता आले नाही. राखीव जागेने प्रतिनिधी मिळतो, पक्ष मिळत नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना नव्याने सांगायची गरज नसावी.

२००० ते २००६ ते राज्यसभेत होते, तेही मित्रपक्षांच्या पाठिंब्यानेच. याच काळातले एक काम मात्र कोणत्याही गटाचे नाही, सगळ्यांचे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्मारकाचे बांधकाम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्या स्तूपाचे उद्घाटन झाले. स्मारक समितीची धुरा अनेक वर्षे गवईसाहेबांकडे होती. तेवीस वर्षे लागली म्हणून नावे ठेवणारे आहेत. आपल्या विहाराचा वरचा मजला किती वर्षे रखडला ते आठवून त्यांनी बोलावे.

२२ जून २००६ ला ते बिहारचे राज्यपाल झाले. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण होण्याचे ते वर्ष, आणि बोधगया ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या राजभवनात बौद्ध राज्यपाल! पुष्कळांनी मोठ्या अपेक्षा धरल्या. महाबोधी विहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने चालते, समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी. तो कायदा बदलणे विधिमंडळाच्या हातात, राज्यपालाच्या नव्हे. तो बदलला नाही. राज्यपाल म्हणजे राजा, असे आपल्या भाबड्या मनाला वाटते, म्हणून हे सांगितले.

जुलै २००८ मध्ये त्यांची केरळला बदली झाली, आणि तेथे मात्र त्यांच्या वाट्याला एक असा निर्णय आला की जो कोणालाही टाळता आला नसता. केरळातील पळ्ळिवासल, शेंगुळम आणि पन्नियार या तीन जलविद्युत केंद्रांच्या नूतनीकरणाचे कंत्राट एका कॅनडियन कंपनीला दिले गेले होते. त्या व्यवहाराच्या प्रकरणात तेव्हाचे वीजमंत्री पिनराई विजयन यांच्यावर खटला भरण्याची परवानगी सीबीआयने राज्यपालांकडे मागितली. २००९ साली विजयन मार्क्सवादी पक्षाचे राज्य सचिव होते आणि सरकार त्याच पक्षाच्या आघाडीचे. महाधिवक्त्यांचे मत घेऊन मंत्रिमंडळाने सल्ला दिला की परवानगी देऊ नये. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हा सामान्य नियम. पण मंत्र्यावरील खटल्याच्या परवानगीत मंत्रिमंडळ पक्षपाती ठरण्याचा संभव असेल तर राज्यपाल स्वतःचा विवेक वापरू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात म्हटले होते. ७ जून २००९ ला गवईसाहेबांनी सल्ला बाजूला ठेवून परवानगी दिली.

गदारोळ झाला. मार्क्सवादी पक्षाने निषेध केला, राज्यपाल केंद्रातल्या काँग्रेसचे हस्तक आहेत असा आरोप झाला. पुढे २०१३ साली विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केले, २०१७ साली केरळ उच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात, २०१६ साली, विजयन मुख्यमंत्री झाले होते. मग परवानगी चुकली काय? आमचे मत विचाराल तर, परवानगी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. खात्याच्या चौकशीत आम्ही नोकरदार हे रोज पाहतो. कागद पाहून प्रथमदर्शनी प्रकरण न्यायालयापुढे जावे की नाही, एवढेच परवानगी देणाऱ्याने ठरवायचे असते. निकाल न्यायालयाचा, आणि न्यायालयाने तो विजयन यांच्या बाजूने दिला हेही त्याच व्यवस्थेत बसते. परंतु राज्यपालांनी निवडून आलेल्या सरकारचा सल्ला डावलण्याची जी नंतरच्या वर्षांत अनेक राज्यांत रीतच पडली, ती पाहता या उदाहरणाचा आधार कोण कसा घेईल याची काळजी वाटते. येथे आमच्या मनात दोन्ही पारडी वर-खाली होतात, ते लपवीत नाही.

एक गोष्ट मात्र निश्चित. परिषदेच्या आसनावर जी चौदा वर्षे गेली, त्यातूनच हा निर्णय आला असावा. बाके दोन्हीकडे ओरडत असताना पुस्तक उघडून नियम वाचायचा आणि ‘बसा’ म्हणायचे, ही ती सवय. ज्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर राहावे लागले, त्याला जेव्हा कोणाच्याही पाठिंब्याची गरज उरली नाही तेव्हा तो काय करतो, हे तेथे दिसले. सप्टेंबर २०११ मध्ये ते त्या पदावरून निवृत्त झाले.

२५ जुलै २०१५ ला नागपूर येथे त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार दारापूरला. चिरंजीव भूषण यांचा ओढा वास्तुशास्त्राकडे होता, पण वडिलांच्या इच्छेने ते वकिलीकडे वळले, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. १४ मे २०२५ ला ते भारताचे सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. त्याआधी, १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात, अनुसूचित जातींतही उन्नत गट ओळखून वगळण्याचे धोरण सरकारने आखावे असे त्यांनी लिहिले. त्यावर आपल्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते स्वाभाविक आहेत, कारण त्या गटात पुढेमागे आपली, म्हणजे रेल्वे-बँकेत नोकरी करणाऱ्यांची मुले येणार की नाहीत हा प्रश्न आहे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि कार्यकारिणीने तो एखाद्या कायदेपंडिताला द्यावा.

आमचा वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठविली आहे. ज्या ज्येष्ठ सभासदांनी या विषयाला हरकत घेतली होती ते पहिल्याच रांगेत बसले आहेत, त्यांना आधी बोलू द्यावे अशी विनंती करतो. त्यांनी नामांतराच्या लढ्यात तुरुंग पाहिला आहे, आम्ही पाहिलेला नाही. जयभीम.